मंगळवारी बाजारात दिसलेला कप्तान

आमच्या घराचे यंदा दोन गणपती होणार होते, आणि त्याला कारणीभूत होती नॉर्वेतली एक तिकिटं विकणारी म्हातारी.

जमिनीवरून, आंब्याच्या कलमांवरून, विहिरीच्या पाण्यावरून आमच्या मालवण पट्टीत भावाभावांची तोंडं फिरतात. त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण गणपती एकच! कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेले चुलते-पुतणेसुद्धा चतुर्थीला एकाच मूर्तीसमोर आरत्या म्हणतात आणि विसर्जन झालं की पुन्हा वकिलाकडे जातात. गणपती वेगळा झाला की मात्र घर मोडलं असं समजायचं. आणि तो वेगळा करायला निघाला होता माझा सख्खा थोरला भाऊ, तोही माझ्या अब्रूखातर! (हे आठवलं की अजून माझी मान खाली जाते.)

सुरुवात झाली श्रावणात. श्रावणात आमच्याकडे मासे बंद, आणि मासे बंद झाले की माणसं एकमेकांना खायला उठतात. घर एक, चुली दोन. उजव्या अंगाला थोरला भाऊ, म्हणजे भाई, आणि त्याची बायको वयनी, डाव्या अंगाला मी आणि माझी बायको सुमन. भाईने तीस वर्षं मालवाहू बोटींच्या इंजिनात काढली, मी पस्तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. आता दोघेही निवृत्त. बाहेर धो धो पाऊस, आत चार वयस्कर माणसं आणि फणसाच्या उकडलेल्या आठळ्या. पुण्याहून मुलगी आली, आमचे चेहरे बघून घाबरली आणि जाताना टीव्हीवर एक परदेशी मालिका लावून देऊन गेली.

"बाबा, आठच भाग आहेत. खुनाची आहे. चौघं मिळून बघा, म्हणजे भांडणार नाही."

(हे तिच्याच तोंडचे शब्द. लिहून घेऊन सही घ्यायला हवी होती.)

मालिकेत एक बेट होतं. थंडी इतकी, की नुसतं बघूनच वयनी पदर घट्ट ओढून घ्यायची. बेटावरच्या फेरीबोटीचा कप्तान वादळात नाहीसा होतो. प्रेत काही सापडत नाही. मग तिथला पाद्री मरून पडतो. मग कप्तानाच्या बायकोच्या फ्रीजरमध्ये, गोठलेल्या माशांच्या खाली, एक लाल हातमोजा मिळतो. तपासाला एक पोलीस बाई येते. ती हसत नाही, जेवत नाही, नुसती खिडकीतून समुद्राकडे बघत बसते. "ह्या बायेक घरचा कोण आसा की नाय?" ही वयनीची काळजी. पाद्र्याचं तिला काहीच वाटलं नाही. आणि दर दोन मिनिटांनी पडद्यावर मासे! टोपल्या भरभरून मासे! "बांगड्यासारखो दिसता नाय गो?" असं वयनी विचारायची आणि भर श्रावणात दोन्ही जावा एकदम सुस्कारा सोडायच्या.

त्या लोकांची भाषा त्यांनाच ठाऊक. खाली इंग्रजी अक्षरं यायची. ती वाचायला शेजारच्या रोझी टीचर यायच्या. टीचर प्राथमिक शाळेतून निवृत्त, अर्धे नातेवाईक गोव्यात, आणि वाचनाचा वेग असा की पडद्यावरचा माणूस तोंड मिटायच्या आत त्याचं बोलणं मालवणीत आमच्यासमोर हजर. तेही आवाज बदलून! "पोलीस बाय म्हणता, खोटा बोललंस तर फटके खातलंस!" त्यांच्यामुळे तो नॉर्वेचा पाद्री आमच्या ओटीवर "मेल्या, सोड रे माका!" म्हणत मेला.

घरात इंग्रजीचा मास्तर असताना टीचरनी का वाचावं, असं कुणीही विचारील. मी सांगून ठेवलं होतं, "त्यांना हौस आहे, वाचू देत." खरं कारण निराळं होतं. ती अक्षरं पळतात हो! मी जन्मभर फळ्यावरचं इंग्रजी शिकवलं. फळ्यावरचं वाक्य डस्टर फिरेपर्यंत जागचं हलत नाही. ही वाक्यं म्हणजे खेकड्याची पिल्लं, दिसली म्हणेपर्यंत बिळात.

पाच भाग सुखात झाले. मग टीचरच्या पुतणीचा म्हापशाला रोस आला. रोस म्हणजे लग्नाआधी नवरीला नारळाचा रस चोळतात तो समारंभ. त्याला टीचर नाहीत असं होऊच शकत नव्हतं. टीचर गेल्या. आमची बोट भर समुद्रात उभी राहिली.

"त्यात काय झाला?" भाई म्हणाला. "आमचो बाळो आसा मरे! पस्तीस वर्सा इंग्रजी शिकवल्यान. आता खरा इंग्रजी काय ता आयका!"

बाळो म्हणजे मी. माझ्या भावाचा माझ्यावर एवढा विश्वास असेल, याची मला कल्पना नव्हती. असती तर मी त्याच दिवशी तापाने आजारी पडलो असतो.

सहावा भाग लागला. सुरुवातीला बरं चाललं होतं. "ती म्हणता, व्हय." "तो म्हणता, नाय." "ती म्हणता, बरा." भाई अभिमानाने दोन्ही जावांकडे बघत होता. आणि मग ती पोलीस बाई धक्क्यावरच्या तिकीट खिडकीशी गेली. आत एक म्हातारी बसली होती. तिने तोंड उघडलं, आणि काय सांगू, ती थांबेचना! पहिल्या ओळीतले दोन शब्द वाचतो तोवर ओळ गेली. दुसरी आली, तीही गेली. चष्म्यावर वाफ धरली. म्हातारी बोटांवर काहीतरी मोजते आहे, डोळे मिटते आहे, पुन्हा मोजते आहे, आणि इकडे तीन तोंडं माझ्याकडे वळलेली.

"काय म्हणता ती?" भाई.

"ती म्हणता..."

"काय ता सांग मरे! एवढा बोलली, काय म्हणता?"

"ती म्हणता, कप्तानाक तिना मंगळवारी बाजारात बगल्यान."

हे वाक्य कुठून आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. मंगळवारच का, ते मात्र सांगता येईल. त्या दिवशी मंगळवार होता.

भाईने मांडीवर अशी थाप मारली की आठळ्यांचा वाडगा उलटला. "माका म्हायत होता! बुडलोच नाय तो! इंजिनवालो माणूस असो बुडता काय?"

उरलेले दोन भागही मी असेच तडीला नेले. शेवट तर त्या लोकांनी केलाच नाही. अंधारात फेरीबोटीचा दिवा लागतो, सुकाणूवर लाल मोजा घातलेला एक हात दिसतो, तोंड दिसत नाही, आणि खालून नावं वर सरकायला लागतात! "आणि खुनी?" वयनी ओरडली. नावं सरकत राहिली. त्याच संध्याकाळी फणसाची फांदी पडून नेटची वायर तुटली. वायरवाला म्हणाला, चतुर्थी झाल्याशिवाय वेळ नाही. म्हणजे मागे जाऊन तपासायचीही सोय गेली. (मी मनातल्या मनात त्या फणसाला नमस्कार केला.)

दुसऱ्या दिवसापासून ओटीवर खटला उभा राहिला. भाईचं म्हणणं, कप्तान जिवंत आहे, त्यानेच पाद्र्याला मारला, मोजा त्याचाच. कारण मंगळवार! शिवाय, "माजी बोट थंय दोन दिस लागली होती. ती माणसा कशी आसत ता माका विचारा." (त्या दोन दिवसांत तो इंजिनातून वर आला नव्हता, हे त्यानेच पूर्वी सांगितलेलं.) सुमनचं म्हणणं, कप्तान कधीच मेला, सगळं त्याच्या बायकोने केलं, आणि शेवटचा हातही तिचाच.

सुमन थोरल्या दिराशी सरळ बोलत नाही. ती आडाळ्याशी बोलते. आडाळो म्हणजे आमची नारळ खवायची विळी. खोबरं खवता खवता तिने आडाळ्याला विचारलं, "मेलेलो माणूस मंगळवारी बाजारात कशाक जायत?"

"मेलेलो नाय म्हणानच गेलो!" भाई.

"मगे पोलीस बाय तेका धरूक कशी नाय गेली? म्हातारयेन एवढा सांगल्यान, तरी ही खिडकीतच बसली?"

मुद्दा बिनतोड होता. माझ्या बायकोत एक फौजदार आहे हे मी पहिल्या वर्षापासून ओळखून आहे. ती खवणं थांबवून शांतपणे आडाळ्याला म्हणाली, "ह्यांनी चुकीचा वाचल्यानी असतला."

झालं! भाई ताडकन उठला. "माझ्या भावाच्या इंग्रजीक नाव ठेवतंस? सगळ्या पंचक्रोशीची पोरा शिकवल्यान तेना! बाळा, तू सांग. मंगळवार होतो काय नाय?"

भाई माझ्याकडे बघत होता. सुमन आडाळ्यावरून माझ्याकडे बघत होती. वयनी दारातून बघत होती. खरं बोलायला याहून चांगली वेळ देवाने कुणाला दिली नसेल.

"होतो," मी म्हणालो. आणि तेवढ्यावर न थांबता, "इंग्रजीत त्याला ट्यूजडे म्हणतात," अशी माहितीही दिली!

त्या दिवशी दोन्ही अंगांना जोडणारं मधलं दार बंद झालं. आमटीची वाटी इकडून तिकडे जायची थांबली. चार दिवसांनी भाईच्या पडवीत सुताराने एक नवा कोरा फणसाचा पाट आणून ठेवला. आमच्याकडे मूर्ती घडवणाऱ्याच्या शाळेत आपला पाट नेऊन द्यायचा असतो, त्यावर तो गणपती बसवून देतो. ज्याचा पाट, त्याचा गणपती. आमच्या घरचा पाट आजोबांच्या हातचा. बाबा गेल्यापासून दर चतुर्थीला शाळेतून घरापर्यंत तो आम्ही दोघे भाऊ आणत आलो, एका बाजूने भाई, दुसऱ्या बाजूने मी. भाई बोटीवर असायचा तेव्हासुद्धा चतुर्थीची रजा मिळावी म्हणून वर्षभर दुसऱ्यांच्या पाळ्या करायचा. एकट्याने तो पाट उचलत नाही. मी कधी करूनही बघितलेलं नाही.

मी पलीकडे गेलो. म्हटलं, "भाई, ह्या काय?"

"जंय माझ्या भावाक मान नाय, थंय माजो गणपती नाय."

"अरे, पण तो भाऊ म्हणजे मीच ना! मी त्या घरात राहतो!"

"तू बायलेच्या धाकात आसंस. तुका कळाचा नाय." त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चतुर्थीक माझ्याकडे जेवूक ये. मान काय असता ता तुका दाखयतंय."

तेव्हा तरी सांगावं की नाही? पण तो खांद्यावरचा हात! लहानपणी भाई मला शाळेत पोचवायला व्हाळाच्या पाण्यातून खांद्यावर घेऊन जायचा. पुढे त्याने स्वतः सातवीत शाळा सोडली आणि मला कॉलेजात घातलं. त्या इंग्रजीवर त्याचा माझ्याइतकाच हक्क होता. ते इंग्रजी एका म्हातारीपुढे पालथं पडलं, हे त्याला सांगायला माझी जीभ वळेना. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

पण गणपती वेगळा आणायचा तर ग्रामदेवतेची परवानगी लागते. देवाला कौल लावायचा. गुरव गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवापुढे कारण मांडतो, आणि देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोमवारी सकाळी भाई नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात निघाला. धाकट्या भावाची हजेरी लागते म्हणून मीही निघालो. मागून आडाळा घरी ठेवून सुमन निघाली. वयनी निघाली. श्रावणी सोमवार म्हणून देवळात अर्धा गाव होताच.

आबा गुरवाने नारळ ठेवून घेतला. "कारण काय सांगू देवाक?"

भाईने घसा खाकरला. इंजिनाच्या आवाजावर मात करणारा माणूस, पण त्याचाही आवाज जरा खाली आला. "एक... कप्तान आसा."

"खंयचो?"

"नॉर्वेचो."

आबाने माझ्याकडे बघितलं. मी घंटेकडे बघितलं. मग भाईने पहिल्या भागापासून सगळं सांगितलं, फ्रीजर आणि मोज्यासकट. आबाने ते डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "भाई, तो गाव आमच्या देवाच्या शिवेत येयत नाय. शिवेभायल्या खुनाचो निवाडो रवळनाथ कसो करतलो?"

"खुनाचो नको रे! माका गणपतीचो कौल व्हयो."

"मूळ सोडून फांदयेचो कौल लागत नाय," आबा म्हणाला आणि देवाकडे वळला. गाऱ्हाणं मोठ्यानेच घालायचं असतं, हे मी विसरलो होतो.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! हे दोगे भाव तुझ्या पायाशी इले हत. थंय थंडीच्या मुलखात एक बोटवालो बुडालो म्हणतत..."

"व्हय म्हाराजा!" अर्धा गाव.

"पण एक म्हातारी म्हणता, तेका तिना मंगळवारी बाजारात बगल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"बुडालो तर तिसऱ्या दिसाक वर येवक होयो होतो," मागून रापणीचं जाळं ओढणारा एक रापणकर म्हणाला. "वर येवक नाय, म्हणजे जिवंत आसा."

"थंड पाण्यात मडा वर येयत नाय!" दुसरा.

"आणि मोजो कोणाचो?" एका म्हातारीने खांबामागून विचारलं.

बघता बघता देऊळ दोन्हीकडे वाटलं गेलं, उजवीकडे जिवंतवाले, डावीकडे मेलेले. आबाने "गप ऱ्हवा!" म्हणून पाकळ्या लावल्या. सगळे पाषाणाकडे बघू लागले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. एकही पाकळी हलेना. पावसाळी हवेत काय पडणार? पण हे मी मास्तर म्हणून म्हणतो. तिथे उभा होतो तेव्हा मला घाम फुटला होता.

आबा हळूच मागे वळला. "देव अडान बसलो. हयसर कोणीतरी अर्धा सांगलेला आसा. अर्ध्या गाऱ्हाण्याक देव कौल देयत नाय."

तो सगळ्यांनाच बघत होता, पण मला वाटलं माझ्याकडेच. बाजूला भाई हात जोडून उभा होता. त्याच्या काखेत तो नवा पाट होता. कौल मिळाला की तसाच शाळेत नेऊन द्यायचा बेत. पाट जड होता, आणि एकट्याने धरलेला तो सारखा खाली घसरत होता. मला ते बघवेना.

"भाई," मी म्हणालो, "तो मंगळवार मी घातलंय."

"काय?"

"म्हातारी काय बोलली ता माका वाचूक जमला नाय. अक्षरा पळत होती. मी आपला कायतरी सांगलंय."

पन्हळीचं पाणी तेवढं ऐकू येत होतं. आणि टप्! उजवी पाकळी पडली.

आता उजवी म्हणजे होय! म्हणजे देवाने गणपती वेगळा करायला परवानगी दिली! मी जन्मात एकदा खरं बोललो आणि त्याचं हे फळ? सुमनने तोंडाला पदर लावला. पण आबा गुरव तीन पिढ्यांचा मुरलेला. त्याने पाकळी उचलली, नीट उलटसुलट बघितली आणि जाहीर केलं, "हो कौल गणपतीचो नाय. हो कबुलेचो. देव म्हणता, सर आज खरा बोललो."

"व्हय म्हाराजा!" अख्खा गाव. त्यात माझे निदान वीस माजी विद्यार्थी होते, आणि त्यांचा आवाज जास्तच खणखणीत वाटला.

भाई घरापर्यंत पाट काखेत घेऊन पुढे चालत राहिला. मी त्याच्या मागे. अंगणात तो थांबला, आणि मला वाटलं आता संपलं सगळं.

"पस्तीस वर्सा," तो म्हणाला. "बाळा, पोरांका पण असाच शिकवलंस?"

"नाय रे भाई. फळ्यावरचा सगळा बरोबर होता."

आणि भाई जो हसत सुटला! पाट टाकून पायरीवर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग डोळे पुसून आमच्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "आडाळ्याक सांगा, तेचा खरा होता!" आतून सुमनने आडाळ्यातर्फे खोबऱ्याची एक वाटी पाठवली. मधलं दार उघडलं. पाटाचं काय करायचं, यावर भाई म्हणाला, "फुकट जावचो नाय." तो माझ्या बसायला दिला. टीव्ही लागला की खुर्च्यांवर बाकीचे, आणि पाटावर मी, रोझी टीचरच्या पायाशी, वर्गात पहिल्या बाकावर ढ मुलाला बसवतात तसा.

टीचर म्हापशाहून परतल्यावर आम्ही पहिली गोष्ट विचारली, ती म्हातारी काय म्हणाली? टीचरनी मालिका तिथेच फोनवर पुरी केली होती.

"ती मरे? ती पोलीस बायेक मासे व्हिनेगरात कसे मुरवूचे ता सांगी होती. किती कांदे, किती मिरी, सगळा मोजून मोजून!"

वयनीने मला कधीच माफ केलं नाही. मंगळवारासाठी नव्हे, पाककृती चुकवली म्हणून. बाकी कप्तान जिवंत की मेला, हे टीचरनाही ठाऊक नाही. तो वाद अजून चालू आहे, फक्त आता मधलं दार उघडं ठेवून.

चतुर्थीला आजोबांचा पाट आम्ही दोघांनी आणला, एका बाजूने भाई, दुसऱ्या बाजूने मी. पूजा झाली, घर माणसांनी भरलं आणि थोरला म्हणून भाई गाऱ्हाणं घालायला उभा राहिला. मी समईची वात सारखी करत होतो. भाई नेहमीप्रमाणे भरभर बोलत होता, अर्धं माझ्या कानावरून गेलं. पोराबाळांना सुखी ठेव, नेटची वायर लवकर जोडून मिळू दे, असं काहीतरी असणार. एकदम सगळे गप्प झाले आणि माझ्याकडे बघायला लागले, म्हणून मी घाईघाईने सगळ्यांत मोठ्याने ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

घरभर हशा पिकला. भाई काय म्हणाला होता, ते सुमनने नंतर सांगितलं: "आमच्या बाळाक जा समाजणा नाय, तेका 'समाजला नाय' म्हणाची बुद्धी दी रे म्हाराजा!"